स्वयंप्रतिकार विकार : रक्षकच जेव्हा भक्षक होतो



पेढीच्या दारात पहारेकरी नेमलेला असतो. घरचा कोण आणि परका कोण, हे ओळखणे हेच त्याचे पहिले कर्तव्य. मानवी देहातही असा पहारा अहोरात्र चालू असतो. पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यापासून निर्माण होणारी प्रतिपिंडे रोगजंतूंना हेरून त्यांचा नाश करतात. परंतु कधी कधी या पहारेकऱ्याची ओळख चुकते आणि तो स्वकीयांवरच शस्त्र उगारतो. त्यातून उद्भवणाऱ्या व्याधी म्हणजे स्वयंप्रतिकार विकार, अर्थात ऑटोइम्यून आजार. अशा व्याधी ८० हून अधिक आहेत.

शरीर स्वतःवरच उलटू शकते, हे वैद्यकजगताला दीर्घकाळ पटले नव्हते. १९५६ साली लंडन येथील संशोधकांना हाशिमोटो व्याधीच्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि या शास्त्राला निश्चित दिशा मिळाली.

या विकारांचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. पहिला वर्ग अवयवविशिष्ट. यात हल्ला प्रामुख्याने एकाच अवयवावर होतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात. कोड या विकारात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. दुसरा वर्ग सर्वांगव्यापी. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त असे अनेक भाग एकाच वेळी ग्रासले जातात. आमवातात सांध्यांबरोबर फुप्फुसे व डोळे यांनाही बाधा पोहोचू शकते.

हानीचे मार्गही निरनिराळे आहेत. काही वेळा प्रतिपिंडे थेट पेशीवर जाऊन बसतात. ग्रेव्ह्ज व्याधीत ती थायरॉइडला अखंड चेतवतात. म्हणून छातीत धडधड होते, वजन घटते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये ती मज्जातंूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवतात. म्हणून पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते. दुसऱ्या मार्गात प्रतिपिंडांच्या गुंतवळी रक्तातून वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळणीत अडकतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात. ल्युपसमध्ये हेच घडते. तिसऱ्या मार्गात टी पेशी स्वतःच अवयवातील पेशींचा संहार करतात.

या पहाऱ्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही शरीरात असतात. त्यासंबंधीच्या संशोधनासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आनुवंशिकता, जंतुसंसर्ग, संप्रेरके अशा अनेक कारणांचा येथे संयोग होतो. स्त्रियांमध्ये हे विकार अधिक आढळतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात.

येथेच समाजाचे उत्तरदायित्व सुरू होते. कोड स्पर्शाने पसरत नाही, तो कुष्ठरोगही नव्हे. तरीही त्या एका डागापायी गुणी मुलींची लग्ने अडतात. सांधे आखडलेल्या सुनेला आळशी ठरवले जाते. विवाहात अडचण येईल या भीतीने आजार लपवला जातो, औषधे चोरून घेतली जातात आणि मग एके दिवशी बंदही होतात. याची किंमत मूत्रपिंडाने किंवा प्राणानेही मोजावी लागू शकते.

बहुतेक स्वयंप्रतिकार विकार समूळ बरे होत नाहीत, परंतु वेळीच उपचार मिळाल्यास अनेक रुग्ण कर्तृत्वाचे आयुष्य जगतात. त्यासाठी पथ्ये साधी आहेत. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. आमवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. इन्सुलिन घेणाऱ्याने उपवासाचा संकल्प डॉक्टरांना विचारूनच करावा.

देहातील पहारेकरी आपल्या माणसाला ओळखण्यात चुकतो, तो विकार होय. घरातील माणसांनी तरी आपल्या रुग्णाला ओळखण्यात चूक करू नये, एवढीच या प्रसंगी विनंती.