अडकलेला रणगाडा काढायचा कोणी?

कळमन्यातून बोलतोय. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, मार्केट यार्ड जवळच आहे. इथे पावसाळ्यात भरलेला ट्रक चिखलात रुतला की क्रेन बोलावतात. पण रुतलेली गाडी ४०-४५ टनांची असेल आणि समोरून गोळे येत असतील तर? आजचा विषय तोच आहे: आर्मर्ड रिकव्हरी व्हेइकल, म्हणजे एआरव्ही.

सप्टेंबर १९६५, पंजाबमधलं असल उत्तर. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात फसले. डिसेंबर १९७१, लोंगेवाला. तिथे वाळूने घात केला, आणि अडकलेल्या रणगाड्यांना आपल्या हंटर विमानांनी टिपलं. थांबलेला रणगाडा म्हणजे सोपं टार्गेट.

आता एआरव्ही कशी असते? चेसिस रणगाड्याचीच, पण वर तोफ नाही. तिच्या जागी क्रेन, पोटात जाड तारदोराचा विंच आणि पुढे बुलडोझरसारखं पातं. हे पातं आधी जमिनीत रोवायचं, नाहीतर ओढता ओढता एआरव्हीच घसरत जाईल. दोर रुतलेल्या गाडीवरच्या पुलीतून फिरवून परत आणला की ओढ जवळपास दुप्पट होते. दहावीचं फिजिक्स! क्रेन लागते ती जागेवरच इंजिन उचलून बदलायला. आपल्या सैन्यात ही जबाबदारी ईएमई कोअरची.

आपल्याकडची डब्ल्यूझेडटी-३ ही पोलंडच्या डिझाइनची, टी-७२ च्या चेसिसवर. बीईएमएलने ती भारतात बनवली. चेसिस एकाच घराण्यातली, त्यामुळे बरेच सुटे भाग दोघांना चालतात. पण आमच्या कोडिंगच्या भाषेत ही शेअर्ड डिपेंडन्सी झाली. एक भाग संपला की रणगाडाही उभा आणि त्याला ओढणारी गाडीही उभी. मग एका गाडीचा काढून दुसरीला लावायचा. आजचं भागतं, उद्या एक गाडी कायमची कमी.

कोणी म्हणेल, भाग लेथवर बनवून घ्या ना! टॉर्शन बारचं उदाहरण घ्या. दिसायला साधा पोलादी दांडा, पण गाडीचं वजन आणि हादरे तो पिळला जाऊन झेलतो. माप तंतोतंत जुळलं, पण पोलाद वेगळं किंवा हीट ट्रीटमेंट चुकली, तर तो तुटणारच. पृष्ठभागावरच्या छोट्याशा ओरखड्यापासूनही तडा सुरू होतो. रबरी सीलचं तर आणखी अवघड, ते गोदामात पडूनही म्हातारं होतं.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि रशियन बनावटीच्या यंत्रांच्या सुट्या भागांची काळजी वाढली. त्याआधीच, ऑगस्ट २०२० मध्ये, संरक्षण मंत्रालयाने सृजन पोर्टल सुरू केलं होतं. बाहेरून येणारे कोणते भाग इथे बनवायचे आहेत, ते तिथे दिसतं. रणगाडे बनवणाऱ्या एव्हीएनएलच्या पाच कारखान्यांपैकी एक तर आपल्या अंबरनाथमध्ये आहे.

हिंगणा, बुटीबोरीत मशीन शॉप असणाऱ्यांनी, आयटीआय किंवा मेटलर्जी करणाऱ्यांनी ती यादी एकदा उघडून बघाच. टी-७२ मध्ये तीन माणसं बसतात. गाडी रुतली की ती तिघं वाट बघत असतात, आणि त्यांची सुटका कधीकधी एका सीलवर अडते.

तुमच्या ओळखीत कोणी ईएमईमध्ये असेल तर हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!