स्मरणपेशींचे पऱ्हे



मी सॉफ्टवेअरमधली. मेमरी म्हटले की मला गिगाबाइट आठवतात. आज मात्र रक्तातल्या मेमरीबद्दल बोलणार आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यातल्या एकाने वर्गाच्या ग्रुपवर एकोणीस वर्षांच्या भाच्याचे रिपोर्ट टाकले आणि लिहिले, "डॉक्टर कार-टी म्हणतात. काय असते ते वाचून सांग ना." त्याच्या संमतीनेच बोलते आहे. पोराला रक्ताचा कर्करोग आहे, केमोथेरपीनंतर उलटलेला.

लहानपणी गोवर निघून गेला की आई म्हणायची, आता पुन्हा नाही निघायचा. खरेच होते ते. रोगाशी लढणाऱ्या पेशी काम झाले की बहुतेक मरतात. थोड्या मात्र त्या रोगाची ओळख धरून वर्षानुवर्षे राहतात. त्या स्मरणपेशी. कर्करोगाची पेशी पडली घरचीच, म्हणून तिची ओळख सहसा पटत नाही. ती शिकवावी लागते.

त्यासाठी रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक जनुक घालतात, म्हणजे कर्करोगाच्या पेशीवरची सीडी-१९ ही खूण त्यांना दिसते. मग त्या प्रयोगशाळेत वाढवून शिरेतून परत देतात. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत हा उपचार भारतात घडवला. नाव नेक्सकार-१९, मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये. अमेरिकेत असल्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे सुमारे दहावा हिस्सा. दहावा हिस्साही आपल्या गावात किती घरांकडे आहे, ते तुम्हीच सांगा.

खरी गोम वाढवण्यात आहे. ते वाचताना मला आपली धानाची बांधी आठवली. पऱ्हे वाढू द्यावे लागतात, पण फार दिवस ठेवले तर रोवल्यावर फुटवे कमी येतात. पेशींचेही तसेच. जास्त दिवस आणि जास्त जोर देऊन वाढवल्या तर संख्या भरपूर दिसते, पण त्या थकलेल्या असतात. शरीरात गेल्यावर जोरात लढतात आणि संपतात. म्हणून जगभरचे संशोधक वाढीचे दिवस कमी करण्याच्या आणि स्मरणपेशी जास्त टिकवणारे पोषण देण्याच्या खटपटीत आहेत. आयएल-२ या नेहमीच्या प्रथिनाऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५ वापरून बघतात ते याचसाठी.

टिकल्या तर काय होते? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी सापडल्या आणि कर्करोग परतला नव्हता. सगळ्यांचे असे होत नाही. नेक्सकार-१९ च्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. पण काहींचा रोग नंतर पुन्हा उलटला. मामाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. एकच सांगून मला झोप लागली नसती.

आणखी एक, जे आपल्याकडे उशिरा कळते. केमोथेरपीच्या जितक्या फेऱ्या होतात तितक्या टी-पेशी अशक्त होतात. बियाणेच कमजोर, मग पऱ्हे कसे येणार? म्हणून रोग उलटल्याचे कळताच डॉक्टरांना विचारायचे, पेशी कधी काढता येतील? भाच्याला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. पैशांचे काय करायचे, ते जेवणानंतर मागच्या वर्गात बसून ठरवू. सगळ्यांनी थांबा.