मंत्रचळ : खोड नव्हे, आजार

कुणी पन्नासदा हात धुतं, कुणी दाराची कडी पुन:पुन्हा तपासतं. लोक हसतात, 'मंत्रचळ लागला' म्हणतात. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, भीती वाढते. हात धुतले की घटकाभर बरं वाटतं, आणि त्याचीच सवय जडते. हे वावगं आहे हे बहुतेकदा त्या माणसालाही कळतं, पण थांबवता येत नाही.

आमच्या घरात हा आजार आहे. 'हात स्वच्छ आहेत ना?' हा प्रश्न दिवसभर येतो. दर वेळी 'हो' म्हटल्यानं आजाराचंच पोट भरतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आता आम्ही म्हणतो, "भीती वाटतेय ना? आम्ही जवळ बसतो, ओसरेल ती."

१९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी हीच वाट दाखवली : भीतीला हळूहळू सामोरं जायचं, कृती टाळायची. जोडीला गोळ्या, गुण यायला आठ-बारा आठवडे लागतात, मध्येच सोडू नयेत.

अंगाऱ्या-धुपाऱ्यांत वेळ दवडू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो. आजाराशी भांडा, माणसाशी नको.