बोलके ग्रंथ आणि घरातला गलबला

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाची शंभर वर्षे ही केवळ कपाटांची आणि दाखल क्रमांकांची शंभर वर्षे नसतात. ती वाचणाऱ्या डोळ्यांचीही शंभर वर्षे असतात. बडोद्यात हे विशेष जाणवते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि त्यानंतरच्या काळात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथाने वाचकापर्यंत गेले पाहिजे, हे त्या योजनेचे सूत्र होते.

आज अंतर गावाचे राहिलेले नाही; ते डोळ्यांचे आणि लिपीचे आहे. एकीकडे वार्धक्याने दृष्टी मंदावलेले जुने सभासद आहेत. दुसरीकडे त्यांचीच नातवंडे आहेत. घरात मराठी बोलतात, पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकल्यामुळे देवनागरीतील जाड कादंबरी हाती धरताच थबकतात. या दोघांचेही कान मात्र शाबूत आहेत. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या आणि चातुर्मासात ओसरीवर पोथी ऐकणाऱ्या समाजाला श्राव्य ग्रंथ ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांत अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचा उल्लेख केला. अमेरिकेत १९३४ साली व इंग्लंडमध्ये १९३५ साली अशी पुस्तके तबकड्यांवर अवतरली. २००५ साली सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमात तर जगभरचे स्वयंसेवक घरी बसून स्वामित्वमुक्त ग्रंथ वाचू लागले. म्हणजे आता स्टुडिओची अट उरलेली नाही. उरली आहे ती दोन गोष्टींची शिस्त : घरातल्या गलबल्याची आणि मुद्रित झालेल्या फाइलींची.

प्रथम गलबला. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने हरिभाऊ आपट्यांची कादंबरी वाचायला घेतली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वाणी स्वच्छ आहे, उच्चार शुद्ध आहेत. परंतु डोक्यावर पंखा आहे, भिंतीपलीकडे फ्रीज घरघरतो आहे, शेजारी कुकरची शिटी होते आहे आणि खिडकीत कबुतरे घुमत आहेत. माणसाचा कान हे सारे वगळून ऐकतो. माईकला ती निवड करता येत नाही. म्हणून वाचनाआधी खोलीचे ‘मौन’ अर्धा मिनिट मुद्रित करावे आणि ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत त्याची पातळी पाहावी. तेथे शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते आणि खालचे आकडे उणे असतात. व्यावसायिक श्राव्य ग्रंथांच्या प्रचलित निकषानुसार हे मौन उणे ६० डेसिबलच्या वर असू नये. म्हणजे कमाल मर्यादेच्या एक सहस्रांशाहून मोठे नसावे. वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान असावी आणि एखादा शब्द कितीही आवेशाने उच्चारला तरी त्याचे शिखर उणे ३ च्या वर जाऊ नये. ही मर्यादा ओलांडून आवाज फाटला, की तो पूर्ववत होत नाही.

आवाज बारीक वाटला की माईकची पातळी वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याने पंख्याची घरघरही तितकीच वाढते. खरा उपाय अंतराचा आहे. हातभर दूर असलेला माईक वीतभर अंतरावर आणला, म्हणजे अंतर निम्मे होते आणि आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. खोलीचा गलबला मात्र होता तेवढाच राहतो. मराठीत ख, फ, भ असे महाप्राण वर्ण पदोपदी येतात आणि त्यांच्या श्वासाचा झोत थेट माईकवर आदळतो. म्हणून माईक तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा.

भिंतींवरून परतणारा घुमारा मोडायला महागडे साहित्य लागत नाही. उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट, भिंतीला टेकवलेली गादी, दोरीवर टाकलेल्या जाड गोधड्या यांनी काम भागते. पुस्तकांनी भरलेली मांडणीही आवाज विखुरते, हा ग्रंथप्रेमींना मिळणारा एक अनपेक्षित लाभ होय. पंखा बंद ठेवणे उन्हाळ्यात शिक्षाच ठरते. म्हणून वीस-वीस मिनिटांची बैठक करावी आणि मध्ये वारा घ्यावा. रात्री दहानंतरची वेळ उत्तम. मात्र नवरात्राच्या नऊ रात्री गरब्याला द्याव्यात, तेव्हा ध्वनिमुद्रणाचा हट्ट धरू नये. गलबला यांत्रिक रीतीने पुसण्याची सोय संगणकात असते. पण तिचा अतिरेक झाला, की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. चुकलेले वाक्य कापल्यावर राहणाऱ्या पोकळीत निखळ शून्य न ठेवता खोलीचे ते मुद्रित मौनच भरावे. नाहीतर कानाला खड्डे जाणवतात.

आता फाइलींविषयी. ग्रंथालयात दाखल नोंदवहीला जे महत्त्व, तेच येथे नावाला आहे. प्रत्येक प्रकरणाची फाइल स्वतंत्र असावी आणि क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी असावेत; अन्यथा पुष्कळ यंत्रे दुसऱ्याआधी दहावे प्रकरण ऐकवतात. नावात ग्रंथ, प्रकरण आणि अवस्था यावी : मूळ, संपादित, अंतिम. ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’ अशा नावांनी महिन्याभरात वाचणाऱ्यालाच चकवा बसतो. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. ते एकेरी वाहिनीवर नेहमीच्या प्रमाणात तासाला सुमारे ३१७ मेगाबाइट जागा घेते. दहा तासांच्या कादंबरीस सव्वातीन गिगाबाइट पुरतात. ऐकणाऱ्यासाठी काढलेली १९२ किलोबिटची एमपीथ्री प्रत तासाला ८६ मेगाबाइटमध्ये बसते. परंतु एमपीथ्री करताना ध्वनीतील काही अंश कायमचा गळतो आणि तीच प्रत उघडून पुन्हा साठवली, की आणखी गळतो. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीवर करावी.

मूळ प्रत एकाच संगणकावर असणे म्हणजे ती नसल्यासारखेच आहे. तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत, हा जाणत्यांचा नियम आहे. एक वाचकाच्या घरी, एक ग्रंथालयात आणि एक परगावी असावी आणि वर्षातून एकदा त्या उघडून ऐकाव्यात. वाळवी कागदाला लागते तेव्हा भुसा दिसतो. तबकडी निकामी होते तेव्हा काहीच दिसत नाही.

कायद्याचेही भान हवे. भारतात लेखकाच्या हयातीतील साहित्यावरील स्वामित्व त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकते. हरिभाऊ आपटे व राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ सालचे, लक्ष्मीबाई टिळकांचे १९३६ चे, साने गुरुजींचे १९५० चे. त्यांच्या मूळ ग्रंथांचे वाचन आज मुक्तपणे करता येते. अलीकडच्या लेखकांसाठी अनुमती घ्यावी. दृष्टिबाधितांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात विशेष सवलत ठेवलेली आहे.

या साऱ्या खटाटोपात खरोखर पणाला लागले आहे ते वेगळेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च निराळे आहेत. जगातला ज आणि जगण्यातला ज एक नव्हे. छापील पान हा भेद दाखवीत नाही. तो मुखातून मुखाकडे येतो. महाराष्ट्रापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारात नांदलेल्या घरांत असे उच्चार जपणारी मुखे दरवर्षी कमी होत आहेत. ग्रंथाची दुसरी प्रत मिळू शकते. वाचणाऱ्याची मिळत नाही. नातवाला ते पुस्तक पुढे कोणीही वाचून दाखवील, परंतु आजीच्या आवाजात ते ऐकायचे असेल, तर पंखा बंद करून माईकसमोर बसण्याची वेळ आजची आहे.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाची दाखल नोंदवही उघडताना तिच्यात आवाजांसाठीही एक रकाना आखला जावा, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.