लेकीची कार्बनची सायकल : कर्जाचा पैसा कुठे लावायचा



गटाच्या बैठकीत कुणी शेळीसाठी कर्ज मागितलं, तर आपल्याला विचारायचं काय ते माहीत असतं. वेत कितवं, दात किती, दूध किती. शिलाई मशीनचंही तसंच. पण एखादी म्हणाली, की माझी पोरगी डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरते, तिला कार्बनची सायकल जोडून घ्यायची आहे, खर्च लाखाच्या वर जाईल, तर बैठक गप्प होते. मग एक तर ‘एवढे पैसे कशाला सायकलीला’ म्हणून विषय बंद होतो, नाहीतर दुकानदाराने लिहून दिलेल्या कागदावर सगळ्या जणी सह्या करतात. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. आज मी शेळीच्या दातांसारखंच सांगणार आहे, की ही सायकल कुठे कुठे पाहायची.

हा प्रश्न आपल्याकडे यायचाच होता. मानव विकास आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहे. त्यांच्या योजनेत १२५ तालुक्यांमध्ये, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२पासून ती पाच हजार रुपये आहे. त्या सायकलीवर पोरी शाळेत गेल्या, पायात ताकद आली, आणि त्यातल्या एखादीला शर्यतीची ओढ लागली तर नवल नाही. शेजारच्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांमध्ये महाराष्ट्राचं नाव केलं आहे. आणि हा काही हौसेचा खेळ नाही, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे.

गंमत अशी की या खेळाची सुरुवातच जुने भाग जोडून झाली. १९७६मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यत लावायची. पॅडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक त्या सायकलींना होता. उतारावर तो एवढा तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला ‘रिपॅक’ म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. वेंडी क्रॅग नावाची बाईही त्या पोरांच्या बरोबरीने उतरायची आणि फोटोही काढायची. या लोकांनी सायकल सुधारायला घेतली ती ब्रेक, चाकं आणि गिअरपासून. फ्रेम नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवा, आपल्यालाही त्याच क्रमाने जायचं आहे.

आता कार्बन म्हणजे काय? केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक कार्बनचा धागा, त्याची पट्टी किंवा कापड, त्याचे थर एकावर एक रचून चिकट रेझिनमध्ये पक्के केलेले. पैठणीच्या गावाला हे समजावून सांगायला नको. पदर धाग्याच्या दिशेने ओढा, तो हलत नाही. तिरका ओढा, लगेच ताणतो. कार्बनचं तसंच आहे, जोर धाग्याच्या दिशेने. म्हणून फ्रेम करताना थर उभे, आडवे, तिरके बसवतात. चालवताना जिथून जोर येतो, त्या दिशेला ती लोखंडापेक्षा हलकी असूनही दणकट असते. पण दगडावर बाजूने आपटली, दोराने करकचून आवळली, शिकंज्यात दाबली, तर तो जोर तिच्यासाठी धरलेलाच नसतो. लोखंड वाकून सांगतं. कार्बनला आतून तडा गेला तरी वरचा रंग तसाच राहू शकतो, आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे त्याला इलाज नाही.

मग घ्यायची कशाला? वजनासाठी. इथे मात्र नीट हिशेब करा. डोंगरी सायकलीची बरी ॲल्युमिनियम फ्रेम पावणेदोन-दोन किलोंची असते, कार्बनची सव्वा किलोच्या आसपास. फरक अर्धा-पाऊण किलोचा, म्हणजे पाण्याची एक बाटली. आता पुढचा फोर्क पाहा, ज्याला दुकानात चिमटा किंवा शॉकअप म्हणतात. स्वस्तातला लोखंडी स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोंच्या पुढे जातो. हवेवर चालणारा चांगला फोर्क पावणेदोन किलोंच्या आसपास मिळतो. म्हणजे फोर्क बदलून फ्रेमपेक्षा जास्त वजन वाचू शकतं, तेही बऱ्याचदा कमी पैशात. शिवाय स्प्रिंगचा फोर्क मोठ्या माणसाच्या वजनाचा धरून केलेला असतो. ४५ किलोच्या पोरीखाली तो दबतच नाही, नुसता हादरे देतो. हवेच्या फोर्कमध्ये तिच्या वजनाएवढी हवा भरता येते. ती बसली की फोर्क एकूण हालचालीच्या पाचवा-चौथा हिस्सा दबला पाहिजे. कार्बनच्या फ्रेमला स्प्रिंगचा जड फोर्क लावलेली सायकल म्हणजे जरीच्या लुगड्याखाली फाटकी चप्पल.

कर्जाचे पैसे खरे अडकतात ते मापात. कुणी सांगतं, ‘नुसती फ्रेम घ्या, बाकीचं जुन्या सायकलीचं काढून लावू.’ ऐकायला स्वस्त वाटतं. पण जुन्या सायकलीचं मागचं चाक बहुधा १३५ मिलिमीटरच्या हबचं असतं. हल्लीच्या डोंगरी फ्रेमला १४८ मिलिमीटर लागतं, आरपार जाणाऱ्या १२ मिलिमीटरच्या जाड ॲक्सलसकट. पुढे जुनं १००, नवं ११०. म्हणजे दोन्ही चाकं गेली. जुन्या फोर्कचा दांडा वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, नवी फ्रेम खाली रुंद होणाऱ्या दांड्याची. जुना दांडा फ्रेमच्या नळीत नीट भरत नाही. सीटचा दांडा कुठे २७.२ मिलिमीटर, कुठे ३०.९, कुठे ३१.६. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालत नाही, आणि पत्रा गुंडाळून कार्बनमध्ये ठोकायचा तर विचारही करू नका. क्रँकचा जो ॲक्सल फ्रेममधून जातो, तो कुठे आट्यांचा, कुठे दाबून बसवलेला. दोन्ही सारखेच असतील तर आट्यांची फ्रेम निवडा. आपल्या काळ्या मातीत आणि पावसात दाबून बसवलेले बेअरिंग लवकर कुरकुरतात, ते काढायला वेगळं हत्यार लागतं. आटे असतील तर साधा कारागीरही बदलून देतो.

तेव्हा गटाने पहिला कागद मागायचा तो किमतीचा नाही, मापांचा. दोन्ही चाकांच्या हबची रुंदी, फोर्कचा दांडा, सीटचा दांडा, क्रँकचा ॲक्सल आणि ब्रेक बसवायची जागा, ही मापं एका पानावर लिहून घ्या. प्रत्येकासमोर जुना भाग बसतो की नवा लागतो, ते लिहायला सांगा. जो दुकानदार हे लिहून देणार नाही, त्याच्याकडून फ्रेम घेऊ नका.

फ्रेमचं माप पोरीचंही जुळलं पाहिजे. पाच फुटाच्या मुलीला लहान मापाचीच फ्रेम लागते. ‘वाढत्या अंगाची आहे, मोठी घ्या’ हे युनिफॉर्मला ठीक. मोठ्या सायकलीवरून दगडात पाय टेकत नाही आणि पोरगी पडते. तिला दुकानात नेऊन फ्रेमवर उभी करा. वरच्या नळीत आणि अंगात चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे. क्रँकही लांब नको, १६५ किंवा १७० मिलिमीटर पुरे. दुकानातल्या सायकलीला १७५चे लावलेले असले तर बदलून मागा.

चाकं आणि टायर यांच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण आपली जमीन तशी आहे. म्हैसमाळकडे जा, दौलताबादच्या डोंगराला जा, नाहीतर गावामागच्या मुरमाच्या टेकडीवर जा, बाभळीचा काटा आहेच. बोरीचा आहे, उन्हाळ्यात सराटे आहेत. ट्यूबवाल्या टायरने इथे सराव म्हणजे निम्मा वेळ पंक्चर काढण्यात. म्हणून पहिल्या दिवसापासून ट्यूबलेस घ्या, रिमही त्याच जातीचं पाहून. टायरच्या आत दुधासारखं सीलंट भरतात. काटा ओढून काढला आणि चाक फिरवलं, की ते भोकात जाऊन घट्ट होतं. आपल्या उन्हाळ्यात मात्र ते लवकर सुकतं. मार्च ते जून दर महिन्याला उघडून बघायचं, बाकी वर्षात दोन-तीन महिन्यांनी. हवा अंगठ्याने दाबून भरायची नाही. ४५ किलोच्या मुलीला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये १८ ते २० पीएसआय पुरते. टायर टणक झाला तर तो मुरमावर धरत नाही, घसरतो. काट्यावर लिहिलेला आकडा दिसेल असा स्वतःचा पंप घ्या. रिम मात्र ॲल्युमिनियमचंच ठेवा. दगडावर आपटून वाकलं तर दिसतं तरी.

हँडल आणि सीटचा दांडा यांचंही तेच. पहिल्या सायकलीला हे भाग कार्बनचे नकोत. शिकताना पोरगी पडणार, आणि हँडल तुटलं तर थेट तोंडावर येते. नवं हँडल बहुधा पुरुषांच्या खांद्याएवढं रुंद येतं. ॲल्युमिनियमचं असलं तर दोन्ही टोकांनी सारखं कापून तिच्या मापाचं करता येतं.

ब्रेक तेलावर चालणारे डिस्क घ्या, महागच पाहिजेत असं नाही. शिमानोचे साधे एमटी २०० सुद्धा चांगले चालतात. लहान पंज्याच्या मुलीसाठी लिव्हर जवळ ओढून बसवायला सांगा, एका-दोन बोटांत दाबला गेला पाहिजे. तेलाची गोष्ट मात्र कागदावर लिहून ठेवा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल असतं. मोटरसायकलच्या गॅरेजात नेलात आणि तिथल्याने गाडीचं डॉट तेल भरलं, तर आतले रबर फुगून ब्रेक वाया जातो.

गिअरला पुढे एकच चक्र, ३० दात्यांचं, मागे मोठ्यात मोठं ५१ दात्यांचं. म्हैसमाळचा चढ बसून चढता येईल. बारा गिअरचाच हट्ट नको. शिमानोच्या डिओरमध्ये अकरा गिअरचा संचही ५१पर्यंत जातो, तो जुन्या पद्धतीच्या हबवर बसतो आणि त्याचे भाग स्वस्त पडतात. डिओरच्या बाराच्या त्याच संचाला वेगळा हब लागतो. शर्यत बाराव्या गिअरने जिंकलेली मी पाहिली नाही.

पैशाची वाटणी मी आपल्या जुन्या सोळा आण्यांत सांगते. फ्रेमला पाच आणे, फोर्कला तीन, चाकं-टायरला चार, गिअर-चेनला दोन, ब्रेकला एक, आणि हँडल, सीट, पॅडल या सगळ्याला मिळून एक. हेल्मेट, पंप आणि हत्यारं या सोळा आण्यांच्या बाहेर, पण कर्जाच्या आत. फ्रेम आठ आणे खात असेल, तर ॲल्युमिनियमची घ्या आणि बाकीचं चांगलं लावा. पुढे पदक आणली, कुणी मदत केली, तर मापं जुळलेली असल्यामुळे नुसती फ्रेम बदलता येईल. आणि ही सायकल शेळीसारखी करडं देत नाही. टायर, चेन, ब्रेकचे पॅड झिजतात, ते वर्षाला लागणारच. हप्ता ठरवताना तेवढी रक्कम वेगळी काढलेली आहे ना, हे विचारणं गटाचं काम.

जुनी कार्बन फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून कुणी सुचवेल. कंपनीची हमी बहुधा पहिल्या मालकालाच असते, तुम्हाला नाही. घ्यायचीच असेल तर सगळे भाग काढून, उन्हात, ओल्या फडक्याने पुसून बघा. खालची नळी आणि क्रँकभोवतीची जागा पाहा, दगड तिथेच लागतात. नाण्याने हळूहळू वाजवत जा. खणखण वाजता वाजता मध्येच आवाज बद्द झाला, तर तिथे काहीतरी आहे असं समजा. नवं स्टिकर किंवा नुकताच दिलेला रंग दिसला, की हात जोडून परत या. बिनबिलाची, बिननावाची नवी फ्रेम तर मी फुकट मिळाली तरी लेकीला देणार नाही.

हत्यारांत एक खास पाना लागतो, टॉर्क पाना. किती जोर लावला ते तो सांगतो. फ्रेमवर बोल्टजवळ आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. त्यावर अर्धा आटाही नको. सीटच्या दांड्याला ग्रीस लावू नका, कार्बनसाठी खरखरीत पेस्ट मिळते ती लावा, म्हणजे कमी आवळूनही दांडा घसरत नाही. स्पर्धेला जाताना जीपच्या टपावर बांधायची असेल तर दोर चाकांना आणि सीटच्या दांड्याला, फ्रेमच्या नळीला नाही. मध्ये जुनी गोधडी घाला.

नवी सायकल पहिले ४०-५० किलोमीटर चालली, की स्पोक आणि बोल्ट बसतात, थोडे ढिले होतात. तेव्हा ती पुन्हा दुकानात नेऊन सगळं तपासून घ्यायचं. ही तपासणी फुकट करून देणार, असं बिलावर आधीच लिहून घ्या.