सह्याद्रीतील नरक्या आणि कर्करोगावरील औषधे

सर्पगंधेचे नाव आपल्याकडील वैद्यांना नवे नव्हते. उन्माद व निद्रानाश यांवर तिच्या मुळ्यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि वैद्याच्या बटव्यातील मुळी गोळीच्या रूपाने जगभर पोहोचली. वनौषधींचा विषय निघाला की हे उदाहरण हटकून दिले जाते व ते योग्यही आहे. परंतु परंपरेने सांगावे आणि प्रयोगशाळेने मान्य करावे, इतका सरळ मार्ग प्रत्येक वनस्पतीच्या वाट्याला येत नाही. नरक्याची कथा निराळी आहे.

नरक्या हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जंगलात वाढणारे लहानखुरे झाड. त्याच्या फुलांना उग्र, नकोसा वास येतो. त्यावरूनच हे नाव पडले असावे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला पूर्वी ‘मॅपिया फिटिडा’, म्हणजे दुर्गंधी मॅपिया, असेच म्हटले. नावे ठेवण्याच्या बाबतीत खेडूत आणि शास्त्रज्ञ यांचे इतके एकमत क्वचितच झाले असेल! सर्पगंधेसारखी प्रतिष्ठा मात्र या झाडाला कधी लाभली नाही.

त्याचे भाग्य उजळले ते दूरच्या एका शोधामुळे. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्‌रो वॉल यांच्यासमवेत अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य शोधून काढले. ही गोष्ट १९६६ ची. कर्करोगाच्या पेशींची वाढ हे द्रव्य रोखते असे दिसून आले होते. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. चीनमधील वृक्षाचे गुण सह्याद्रीतील झाडात सापडले.

तथापि औषध लगेच हाती आले नाही. रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांत मूत्राशयावर व रक्तपेशींवर इतके गंभीर दुष्परिणाम दिसले की त्या थांबवाव्या लागल्या. पेशीतील नेमक्या कोणत्या विकरावर हे द्रव्य आघात करते, हे १९८५ मध्ये उलगडले. मग मूळ द्रव्यात रासायनिक फेरबदल करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही दोन औषधे सिद्ध झाली. पहिल्यास १९९४ मध्ये जपानमध्ये आणि दुसऱ्यास १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर ती आजही दिली जातात. शोधापासून रुग्णशय्येपर्यंत सुमारे तीस वर्षे लागली, हे विसरता कामा नये. नरक्याची साल उकळून पिणे हा कर्करोगावरील उपाय नव्हे. तो जिवावरचा खेळ आहे.

खरा प्रश्न जंगलात उभा आहे. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी असते, आणि मुळांत ते अधिक. त्यामुळे पानांवर किंवा फांद्यांवर व्यापाऱ्याचे समाधान होत नाही. झाड मुळासकट जाते. लाकडाच्या चिपा पोत्यांत भरून चोरट्या मार्गाने जंगलाबाहेर नेल्या जातात. तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी पडते, औषधाचे मोल दूर कोठेतरी ठरते, आणि आपल्या शिवारातून काय गेले याची गावाला वार्ताही नसते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. जैविक संपत्तीच्या लाभाचा न्याय्य वाटा तिच्या राखणदारांना मिळावा, हाही या कायद्याचा एक हेतू आहे. मात्र नोंदवही केवळ तपासणीपुरती भरून कपाटात ठेवली, तर तिचा वाळवीखेरीज कोणास उपयोग नाही. घाटमाथ्यावरील पंचायतींनी नरक्याची झाडे कोणत्या डोंगरउतारावर आहेत, किती आहेत आणि रोपे उगवतात की नाही, हे जाणत्या गुराख्यास व वनरक्षकास बरोबर घेऊन पाहावे. शाळेच्या वनभोजनातही हे काम होऊ शकते. शिक्षकांनी मुलांना झाड ओळखावयास शिकवावे आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा न्यावे. मोजणीत तूट आढळली, तर तिची लेखी वर्दी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे त्याच आठवड्यात गेली पाहिजे.