दम लागलेल्या माणसाच्या उशाशी

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर, आयातीवर आणि कर्जावर बोलणे झाले. तो विषय संपणारा नाही, संध्याकाळी पुन्हा होईलच. मधल्या वेळात आम्हाला वेगळे बोलायचे आहे. विषय असा : घरात कुणाला दम लागला, धाप लागली, छाती भरली, तर त्या माणसाची शुश्रूषा कशी करायची. विषय ऐकल्यावर एका कार्यकर्त्याने तोंड वाकडे केले. म्हणाला, "हे डॉक्टरचे काम, आपण आंदोलनवाले." डॉक्टर दिवसातून दोन मिनिटे पाहतो. उरलेले तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटे कोण पाहते? तेही आपल्या घरातली सून, बायको, आई. तिला कुणी काही शिकवलेले नसते.

गोठ्यातला बैल धापा टाकू लागला तर आपण काय करतो? कंदील घेऊन रात्रभर उभे राहतो. नाक पाहतो, पोट पाहतो, शेजाऱ्याला उठवतो. घरातली म्हातारी धापा टाकू लागली की म्हणतो, "वयच झालं आता." बैलाची किंमत बाजारात कळते, म्हातारीची कळत नाही, एवढाच फरक.

आम्हीही काही शहाणे नव्हतो. कृषीची पदवी घेतली, मातीचा सामू काढायला शिकलो, बोंडअळीच्या पिढ्या पाठ केल्या. आमची आई चाळीस वर्षे चुलीपुढे पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळत बसली. विडीला कधी तिने हात लावला नाही, पण फुफ्फुसे विडी ओढणाऱ्यासारखी झाली. पोरगा पदवीधर असून हा धुराचा रोग आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही. एका थंडीत रात्री तिचा दम वाढला. आम्ही काय केले? तिला बाजेवर आडवी निजवली, वर दोन वाकळी टाकल्या, खिडकी बंद केली, आणि ऊब यावी म्हणून खोलीत शेगडी पेटवली. ती सारखी आमचा हात ढकलून उठून बसायला पाहत होती. आम्ही म्हणत होतो, "आई, हट्ट करू नको, पडून राहा." पहाटे दवाखान्यात नेले तेव्हा ओठ निळे पडले होते. तिथल्या सिस्टरबाईंनी पहिले काम काय केले असेल, तर तिला उठवून बसवले. पुढ्यात टेबल ओढले, त्यावर उशी ठेवली, दोन्ही हात उशीवर टेकवून तिला पुढे वाकवले. औषध नंतर आले. पण तेवढ्यानेच ती दोन शब्द बोलू शकली. पहिला शब्द आम्हाला उद्देशून होता, तो इथे सांगत नाही.

त्यामागचे कारण समजून घ्या. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्या मधला पडदा खाली सरकतो. माणूस आडवा निजला की पोटातला सगळा भार त्या पडद्यावर येतो. बसवून पुढे वाकवले की पडदा मोकळा होतो आणि टेकलेल्या हातांमुळे खांद्याचे, मानेचे स्नायूही मदतीला येतात. म्हणून दम लागलेला माणूस आपणहून उठून बसतो. त्याचे शरीर शहाणे असते. टेबल नसेल तर पाठीशी भिंत, पुढ्यात धान्याचे पोते आणि पोत्यावर घडी घातलेली वाकळ. बसवत नसेल तर बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला. खोलीत विडी, उदबत्ती, गोवऱ्यांचा धूर, फोडणी काहीही नको. कपडे सैल करा, आणि भोवती जमलेले वीस जण बाहेर काढा.

जुना दमेकरी किंवा धुराने छाती गेलेला माणूस यांची मुख्य अडचण हवा आत घेण्याची नसते. आतली हवा बाहेर निघत नाही, ही अडचण असते. जुनी हवा अडकून राहिल्यावर नवी कुठून शिरणार? म्हणून नाकाने हळू श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना ओठ करतो तसे करून हळूहळू सोडायचा. घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. समोर दिवा आहे, त्याची ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये, असे आम्ही आईला सांगत होतो. रोज बरे असताना सराव केला तर रात्री घाबरल्यावर उपयोगी पडते. त्या माणसाला एका वेळी पोटभर भाकरी वाढू नका. पोट फुगले की पुन्हा तोच पडदा अडतो. थोडे थोडे, पाच वेळा, मऊ. पाणी अधूनमधून पाजत राहा, म्हणजे बेडका चिकट होत नाही. मात्र ज्याला हृदयाचा विकार आहे, पाय सुजलेले आहेत, त्याला पाणी किती हे डॉक्टरला विचारा.

पंपाविषयी, म्हणजे तोंडाने ओढायच्या इनहेलरविषयी, गावोगाव एकच समज : "त्याची सवय लागते." चष्म्याची सवय लागते तशी ती सवय. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरून छातीत जाते, पंपाचे औषध थेट छातीत जाते, म्हणून ते मात्रेने कितीतरी कमी पुरते. पण दहातले निम्मे लोक ते चुकीचे ओढतात, हा आमचा डोळ्यांनी पाहिलेला हिशेब आहे. आधी डबी हलवायची, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठांनी घट्ट धरून श्वास घ्यायला सुरुवात करताना दाबायचे, हळू खोल ओढायचे आणि दहापर्यंत मोजेतो रोखायचे. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दाबणे आणि ओढणे एकदम जमत नाही. त्यांना मध्ये पोकळ नळा, म्हणजे स्पेसर लागतो. तो घ्यायला पैसे नसतील तर? दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली तपासून दाखवले की अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, फट बंद करून वापरली, तर दम्याच्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच गुण येतो. बाटली पाण्याची घ्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरात रिकाम्या बाटल्या म्हणजे बहुतेक फवारणीच्या.

करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, गावात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. बरेच आता ट्रंकेत पडून आहेत, ते बाहेर काढा. धडधाकट माणसाचा आकडा ९५ च्या आसपास किंवा वर असतो, ९० च्या खाली गेला तर गाडी बोलवा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुन्या धुराच्या रोग्याला दवाखान्यात ऑक्सिजन लावला की नातेवाईक नळीचा काटा वाढवायला सांगतात, कधी स्वतःच वाढवतात. खत जास्त टाकले की पीक जळते हे आपल्याला कळते, ऑक्सिजनचे तसेच आहे हे कळत नाही. अशा रोग्यासाठी ८८ ते ९२ एवढाच आकडा धरायचा असतो. त्याहून जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. घरचे म्हणतात, "बरं झालं, झोप लागली." ती झोप नसते. हलवून नीट जागा होत नसेल तर लगेच सिस्टरला हाक मारा.

आता लेकरांचे. न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या माणसांना आणि दायांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन केले. त्यातून न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, हे १९९० साली जगापुढे मांडले गेले. मोजायचे असे : लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचे कापड वर करून पोट पूर्ण एक मिनिट पाहायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर तो साधा सर्दी-खोकला नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. कुणी त्याला डब्बा म्हणते, कुणी पोटात आले म्हणते. नाव काहीही ठेवा, पण बिब्बा आणि चटके नकोत. अंगावरचे दूध चालू ठेवा, नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून पुसून काढा. उकळत्या पाण्याची वाफ लहान लेकराला देऊ नका, भाजते. आणि दुकानातून खोकल्याची बाटली आणू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरे विषारी सिरपने गेली, त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. आपल्या शेजारचीच गोष्ट आहे.

टीबीवर थोडक्यात. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा, तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट. साधारण सहा महिने गोळ्या, बरे वाटले तरी. पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत, ते खात्यात येतात का पाहा. रोग्याची बाज ओट्यावर, उन्हा-वाऱ्यात टाका, खोकताना तोंडावर कापड, थुंकायला झाकणाचा डबा. ताट-वाटी वेगळी करायचे काही कारण नाही, तो रोग भांड्यातून येत नाही. आणि सुनेला टीबी झाला म्हणून तिला माहेरी धाडणारे या मांडवात बसले असतील तर त्यांनी पुढे यावे, आम्हाला त्यांच्याशी बोलायचे आहे.

आता जे बोलायला आम्हाला जड जाते ते. आम्ही शेतीशाळा घेतल्या, बाटलीवरच्या त्रिकोणाचे रंग शिकवले. लाल, पिवळा, निळा, हिरवा. फवारणीत माणूस पडला तर त्याला कसा उचलायचा, हे शिकवले नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली होती आणि फवारा तोंडावरच येत होता.

फॉस्फरसवर्गीय विषाने माणूस मरतो तो श्वासाने मरतो. तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज होतो, बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी होतात. आधी त्याला वाऱ्यावर आणा. सगळे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर दुसरा रोगी तयार होतो. डाव्या कुशीवर निजवा, तोंडातला फेस कापडाने पुसत राहा. ताक, दूध, तूप, लिंबू काही पाजू नका, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, ती श्वासनळीत जाते. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, आपण तिला औषध म्हणतो ती.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट. गडी तिशीचा. दवाखान्यात ॲट्रोपिन मिळाले, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, बोलू लागला. वेचणी अंगावर आली होती, मजूर मिळत नव्हते. घरच्यांनी सही करून घरी आणला. त्याच संध्याकाळी त्याला उशीवरून डोके उचलता येईना. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे, झोपू द्या. रात्रीत श्वास थांबला.

तो अशक्तपणा नव्हता. या विषात पहिला झटका ओसरल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. पहिली खूण मानेची. पाणी गिळताना ठसका लागणे, आवाज बारीक होणे, पापण्या मिटणे या पुढच्या. त्या वेळी श्वासाचे यंत्र मिळाले तर तोच माणूस काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, चालत घरी येतो. म्हणून चार दिवस दवाखाना सोडू नका. उशाशी बसणाऱ्याने दर दोन तासांनी एवढेच म्हणायचे : "डोकं उचल बरं." उचलता आले नाही की सिस्टरला उठवायचे, ती रागावली तरी. आणि वेचणीचे म्हणाल तर अशा घराची वेचणी शाखेने करून द्यायची, हा ठराव आम्ही आजच मांडणार आहोत. त्यावर मत देताना हात वर करणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाईल.

उत्पादन खर्चाचा हिशेब मांडताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असे आपण सरकारला किती वर्षे सांगत आलो. रोग्याच्या उशाशी बाईचे जे पंधरा दिवस जातात, ते कोणत्या रकान्यात धरायचे? तिचा रोजही बुडतो आणि शिव्याही तीच खाते. निदान शाखेच्या वहीत ते दिवस लिहायला सुरुवात करा. आकडे जमले तर पुढे बोलता येईल.

जेवणानंतर मागच्या खोलीत सिस्टरबाई थांबणार आहेत. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पोरे यांनी तिथे जावे, सोबत सेकंदकाट्याचे घड्याळ, बंद पडलेला ऑक्सिमीटर असेल तर तो, आणि अर्धा लिटरची पाण्याची रिकामी बाटली न्यावी. लेकरे घेऊन आलेल्या बायांनी आधी आत जावे, श्वास मोजायचा सराव त्यांच्याच लेकरांवर होईल. भावाचा विषय चार वाजता.